पायथा

"काकू, ती खिडकी काही सापडली नाही," सायली म्हणाली आणि बोलता बोलताच बेसिनकडे तोंड धुवायला गेली. तिच्या लेखी ते वाक्य तिथंच संपलं होतं. शोभाच्या तव्यावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती, ती उलटायची राहिली. "कशी नाही सापडली?" तिनं विचारलं. सायलीचा नवरा निरंजन दारात बूट काढत होता. तो म्हणाला, "पश्चिमेकडचा सगळा तट पालथा घातला काकू. तासभर. शेवटी तिथल्या चौकीदाराला विचारलं. तो म्हणाला, तीस वर्षं झाली इथं, अशी खिडकी ना आता आहे, ना कधी होती. पण तुम्ही मनावर घेऊ नका हं, बाकी गड एकदम मस्त." भाकरीला कडेनं काळा डाग पडला. शोभानं ती स्वतःसाठी बाजूला ठेवली, नवा गोळा परातीत घेतला, पण हात नेहमीसारखा फिरेना. भाकरी एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ होऊ लागली. मधल्या दाराच्या पडद्याआड पलंग करकरला. म्हणजे तिच्या नवऱ्यानंही ऐकलं होतं.

बुऱ्हाणपुरात लालबागच्या रस्त्याला शोभाचं घर. पंकज इंदूरला नोकरीला गेल्यावर वरच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या, तेव्हा त्यानंच फोटो काढून मोबाइलवर जाहिरात टाकली आणि सायली-निरंजनसारखी पुण्या-नाशकाची माणसं भाडं देऊन उतरू लागली. चार दिवस राहायची. एक दिवस गावातला, राजघाट, किल्ला, नदीपलीकडचं काय काय. दुसऱ्या दिवशी असीरगड. तिसऱ्या दिवशी ओंकारेश्वर. फारच हौशी असतील तर धूलकोटचा बाजार. सकाळी पोहे खाऊन निघायचं, संध्याकाळी धुळीनं माखून परत यायचं. "काकू, तुमचं घर म्हणजे आमचा बेस," असं एक बाई म्हणाल्या होत्या. शोभानं फोनवर पंकजला विचारलं, बेस म्हणजे रे काय? तो म्हणाला, "जिथून निघायचं आणि जिथं परत यायचं ना आई, ती जागा." तिला हसू आलं होतं. म्हणजे मीच की रे, ती म्हणाली होती. तेव्हा ते गमतीत म्हटलं गेलं, पण मग भांडी घासताना, चादरी वाळत घालताना तो शब्द मध्येच कुठून तरी यायचा आणि पायात घोटाळायचा.

आणि जाणाऱ्यांना काय बघायचं, कुठं थांबायचं हे सांगायचं काम तिचंच. खरं तर ते काम तिच्या नवऱ्याचं, दिगंबर सरांचं. शाळेत इतिहास शिकवायचे. रविवार आला की कुणाकुणाला घेऊन असीरगडाला जायचे. कधी बाहेरगावचे प्राध्यापक, कधी बदलून आलेले अधिकारी, कधी नुसतीच पाहुण्यांची पाहुणी. सव्वीस वर्षं त्यांनी रविवार सहसा चुकवला नाही. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करता करता त्यांची उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही गेली. सगळं समजतं, बोलता काहीच येत नाही. तेव्हापासून पोह्यांच्या ताटल्या पुढं ठेवत शोभा सरांचंच बोलणं पाहुण्यांना सांगायची. सन, राजे, लढाया तिला धड लक्षात राहत नसत. पण खिडकी राहिली होती. "वर गेलात की पश्चिमेच्या तटात एक दगडी खिडकी आहे बघा. गुडघे जवळ घेऊन एकच माणूस बसेल, एवढीच. तिथं बसलं की वारा असा कानात शिरतो, की आपलं नावसुद्धा आपल्याला आठवत नाही. आणि खाली तापी, दोरीवर वाळत घातलेल्या पातळाच्या काठासारखी." लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, अंगणात शेकोटीपाशी, सरांनी हे तिला सांगितलं होतं. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. त्यांचा आवाज सांगताना खाली गेला होता, जसा माणसाचा फक्त आपल्या स्वतःच्या गोष्टीबद्दल बोलताना जातो. ती स्वतः असीरगडावर कधी गेलीच नव्हती. घरापासून तासाभराचीही वाट नाही. पाहुण्यांपैकी कुणी तिला तसं विचारलंही नव्हतं; एवढं सांगणारी बाई गेली असणारच, असं ते धरून चालत. आता तिला वाटलं, आजवरच्या सगळ्यांनीच ती खिडकी शोधली असेल. सगळ्यांनाच ती सापडली नसेल. आणि सगळेच सभ्यपणानं गप्प बसून, काकू छान हो जेवण, असं म्हणून निघून गेले असतील. तिच्या कानशिलांना ऊब चढली.

सरांना भरवताना तिनं विचारलं. आडून नाही, सरळच. "अहो, ती पश्चिमेची खिडकी. कुठल्या अंगाला आहे ती?" त्यांनी तोंडातला घास चघळायचा थांबवला. मग मान भिंतीकडे वळवली. डावा हात चादरीवरून फिरू लागला, नसलेल्या सुरकुत्या सारख्या करत. चाळीस वर्षांच्या संसारात हे तिनं कधी पाहिलं नव्हतं, आणि तरी ते ओळखीचं होतं. वही न आणलेलं पोर सरांपुढं असंच उभं राहायचं. "नाहीये का खिडकी?" तिनं हळू आवाजात विचारलं. त्यांनी डोळे मिटले. तिनं वाटी खाली ठेवली, तोंड पुसलं, उशी सारखी केली. करायचं ते सगळं केलं, आणि करताना तिच्या मनात एक भलतंच दार उघडलं गेलं: ज्या माणसाला गडावरची खिडकी माहीत नाही, तो सव्वीस वर्षं रविवारी जात कुठं होता?

असं काही मनात येणं हीच लाज. साठीला टेकलेली बाई, अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्यावर संशय घेते. पण एकदा आलेला विचार बस म्हटल्यानं बसत नाही. सकाळपर्यंत तो घरभर तिच्या मागं मागं हिंडत राहिला. आणि त्याच्या मागोमाग ती जुनी जीप आठवणीत आली. पंकज तीन वर्षांचा होता तेव्हाची. शोभा पहाटे उठली, दशम्या केल्या, ठेचा केला, पोराला शेजारी सोपवलं आणि हिरवी साडी नेसून दारात उभी राहिली. ती तुकईथडची. वडलांची केळीची बाग, घरात सगळी शेतात राबणारी माणसं, ती नववीपर्यंत शिकलेली. सरांच्या जीपमध्ये त्या दिवशी भोपाळचे कुणी साहेबलोक आणि त्यांच्या बायका होत्या. सर तिच्याकडे न बघता म्हणाले होते, "आज जागा नाही. पुढच्या रविवारी जाऊ." जीप वळली तेव्हा तिला मागच्या बाकावरची रिकामी जागा दिसली. चांगली ऐसपैस. दोन माणसं बसतील अशी. तिनं दशम्यांचा डबा तसाच उघडून शेजाऱ्यांच्या पोरांना वाटला आणि त्या दिवसापासून पुन्हा गडाचं नाव काढलं नाही. आपल्या बोलण्याची, आपल्या तुकईथडच्या हेलाची त्यांना लाज वाटते, हे तिनं मनाशी पक्कं केलं आणि तेवढं सोडून बाकी संसार चांगला केला. माणूस वाईट नव्हता. कधी आवाज चढवला नाही, कधी हात उगारला नाही. फक्त ती एक रिकामी जागा तिच्या आत कुठंतरी गाडीच्या मागं मागं धावत राहिली.

सकाळी सायली-निरंजनला ओंकारेश्वरला जायचं होतं. गाडी घेऊन कौतिक आला. सरांची रविवारची गाडीही शेवटची वीस वर्षं तोच चालवायचा. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. शोभानं मालूबाईला बोलावून घेतलं होतं. सरांचं सगळं करायला दिवसा ती यायचीच, आज तासभर लवकर आली. "ताई, तुम्ही कुठं निघाल्या?" मालूबाईनं विचारलं. "असीरला." "एकट्या? गडावर? काय काम काढलं?" "बघायला जाते," शोभा म्हणाली, आणि ते सरांना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं म्हणाली. ती पडद्याआड डोकवायचं टाळून गाडीत बसली. कौतिक म्हणाला, "बसा वहिनी. वाटेतच आहे, वर पायऱ्यांपर्यंत सोडून देतो. परत येताना मात्र बसनं यावं लागेल, चालेल ना?" सायलीला फार आनंद झाला. काकू आमच्याबरोबर, असं म्हणत तिनं लगेच फोटो काढला. फोटोत शोभाचा चेहरा कुणा परक्या बाईच्या चेहऱ्यासारखा आला.

गाव मागं पडलं. दोन्ही बाजूंना केळी, घडांवर निळ्या पिशव्या घातलेल्या, पानांना थंडीची ओल. मग कापूस, मग नुसतीच तांबडी जमीन, आणि एका वळणावर तो डोंगर समोर आला. त्याच्या माथ्यावर तट असा, की डोंगर कुठं संपला आणि बांधकाम कुठं सुरू झालं ते कळू नये. हा डोंगर तिनं बसच्या खिडकीतून शंभरदा पाहिला होता, खंडव्याला जाताना, इंदूरला पंकजकडे जाताना. पण दरवेळी मान फिरवून घेतली होती, जशी आपल्याला न बोलावलेल्या लग्नाच्या मांडवावरून फिरवावी. पायथ्याच्या चहाच्या हॉटेलावर कौतिकनं गाडी थांबवली. सायली-निरंजन खालून गडाचे फोटो काढायला रस्त्यापलीकडे गेले. शोभा बाकड्यावर बसली. कौतिक दोन चहा घेऊन आला आणि अगदी सहज, खूप दिवसांनी जुनी जागा बघून बोलावं तसं, म्हणाला, "सरांचं बाकडं, वहिनी."

"म्हणजे?"

"म्हणजे सर इथंच बसायचे ना."

"चहाला?"

कौतिकनं कप ओठाशी नेला आणि तसाच थांबवला. बोलून गेलो, हे त्याच्या चेहऱ्यावर उमटलं. शोभा म्हणाली, "कौतिकभाऊ, मला आज खरं सांगा. सर रविवारी कुठं जायचे?"

"इथंच यायचे. देवाशपथ इथंच. दुसरीकडं कुठंच नाही." तो तिच्याकडं न बघता हळूहळू बोलू लागला. "पण वर नाही जायचे. कधीच नाही. लोकांना इथं बसवून सगळं असं समजावून सांगायचे, की लोक म्हणायचे, सर, आता वर जायची गरजच नाही राहिली. मग सर म्हणायचे, तुम्ही बघून या, माझं शंभर वेळा पाहून झालंय. लोक वर. सर इथं. पेपर वाचत. आणि लोक खाली आले ना वहिनी, की एकेकाला धरून विचारायचे, काय काय पाहिलं, नीट सांगा, कोणत्या बाजूला काय होतं. डायरीत लिहून घ्यायचे. पुढच्या रविवारी दुसऱ्यांना तेच सांगायचे."

"का?" शोभानं विचारलं. "वर का नाही?"

"भीती वाटायची हो त्यांना. उंचीची. एकदा मीच म्हणलो, चला सर, मी हात धरून नेतो, काय होऊन राहिलं? तर चढले. बारा पायऱ्या चढले, मी मोजल्या. मग बसून गेले. थंडीचे दिवस, अन् शर्ट सगळा भिजला घामानं. भिंतीला असे चिकटले की मला सोडवता सोडवेना. खाली आल्यावर म्हणाले, कौतिक, हे घरी बोलायचं नाही. मी नाही बोललो. वीस वर्षं नाही बोललो." त्यानं कपातला उरलेला चहा जमिनीवर टाकला. "आता सर स्वतःच बोलत नाहीत. मग मी कोणासाठी लपवून ठेवू?"

"आणि खिडकी?"

"कोणती खिडकी?"

तिनं सांगितलं. कौतिकनं खांदे उडवले. "कोणीतरी सांगितली असेल. वरून आलेली माणसं काहीही सांगतात वहिनी."

तिला हलकं वाटायला हवं होतं. दुसरी बाई नव्हती, दुसरं घर नव्हतं, लाजसुद्धा तिची नव्हती, त्यांची स्वतःची होती. पण कौतिकनं तिला पायऱ्यांपाशी सोडलं आणि गाडी वळवून तो ओंकारेश्वरच्या वाटेला लागला, तेव्हा तिच्या मनात निव्वळ राग होता. एवढंच होतं? एवढंच सांगायचं होतं, आणि चाळीस वर्षं सांगता आलं नाही? ती चढू लागली. पायऱ्या उंच, कुठं फुटलेल्या. धाप लागली की ती थांबे आणि प्रत्येक थांब्यावर एक जुनी गोष्ट पाठ फिरवून उभी असलेली सापडे. पापड वाळत घालायला ती गच्चीवर जायची तेव्हा सर जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून पुढं येत नसत. संक्रांतीला सगळी गल्ली कठड्याला टेकून पतंग बघायची, आणि हे जिन्यात बसून पुस्तक वाचत. दिवाळीचा आकाशकंदील दरवर्षी तीच टांगायची, आणि ते खाली स्टूल धरून, मान खाली घालून उभे. तापीच्या पुलावर स्कूटर रस्त्याच्या ऐन मधोमध. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवून शिव्या देत आणि ती मागं बसून शरमेनं पदर ओढून घेई. या सगळ्याला तिनं विद्वान माणसाची तंद्री असं नाव देऊन ठेवलं होतं. आणि जीपमधली ती जागा. ती त्या दिवशी बसली असती, तर पायथ्याशी उतरली असती, आणि भोपाळच्या साहेबांबरोबर हिरव्या साडीतली तुकईथडची पोर डोंगराची पोर असल्यासारखी टणाटण वर गेली असती. आणि सर खाली बाकड्यावर. तिच्या देखत. ते त्यांना सोसलं नसतं. म्हणून त्यांनी तिला ती रिकामी जागा सोसायला लावली. त्यानं तिचं काय झालं याचा त्यांना पत्ता तरी होता का? की कळत होतं, आणि तरीही? या दुसऱ्या प्रश्नापाशी तिचा पाय अडखळला. एका खंडव्याकडच्या बाईनं तिला दंडाला धरलं. "संभालके, आंटी. सावकाश."

दरवाज्यांमागून दरवाजे गेले आणि मग एकदम आभाळच आभाळ. वर एवढी मोकळी जागा असेल असं तिला वाटलं नव्हतं. वाळलेलं गवत कमरेएवढं, मधूनमधून पडक्या भिंती, पाण्याचं मोठं टाकं, मशिदीचे मिनार, कुठूनतरी देवळातली घंटा. वारा होता, पण नाव विसरायला लावणारा नव्हता; पदर सांभाळावा लागत होता, इतकाच. ती पश्चिमेच्या तटाकडे गेली. चौकीदार म्हणाला ते खरं होतं. खिडकी नव्हती, खिडकीची जागाही नव्हती. एके ठिकाणी तट ढासळला होता, तिथं ती एका दगडाला धरून उभी राहिली आणि खाली बघितलं. कडा सरळ खाली गेला होता. तळाशी एक रस्ता, त्यावर मुंगीएवढी बस, डोंगरांच्या रांगा निळ्या नाहीत, तपकिरी, एकामागं एक, आणि पुढं सगळं धुरकट. तापी दिसत नव्हती. असेलही त्या धुरात कुठंतरी. तिला भीती वाटली नाही. जराही नाही. उलट पायांतून एक शिरशिरी वर आली, तरुणपणी विहिरीच्या काठावरून वाकून बघताना यायची तशी, आणि तिला आठवलं की तुकईथडला ती झाडांवर चढायची, चिंचेच्या शेंड्यापर्यंत. भाऊ खाली उभे राहून घाबरे व्हायचे. आपल्याला काय काय येत होतं! ते कुणी विचारलं नाही आणि आपणही सांगितलं नाही. मग तिला दुसरंही दिसलं आणि ते तिला आवडलं नाही. दोन वर्षं ती तरी काय करत होती? ज्यांनी पाहिलं नाही त्यांना, न पाहिलेलं, पाहिल्यासारखं सांगत होती. एकदाही म्हणाली नव्हती की मी गेले नाही हो. का नाही म्हणाली? कारण सांगताना समोरची माणसं पोहे खायचं थांबवून तिच्याकडे बघायची. तेवढ्यापुरती ती गेलेली असायची. सर बाकड्यावर बसून बोलत असतील तेव्हा त्यांनाही असंच होत असेल का?

राग तरी गेला नाही. त्यानं फक्त जागा बदलली, आणि तो हातात आला. तिनं पिशवीतून मोबाइल काढला आणि मालूबाईला व्हिडिओ कॉल लावला. तीन-चारदा फिरून लागला. "ताई! पोहचल्या का?" मालूबाईचं अर्धं कपाळ आणि मागं पंखा दिसला. "सरांच्या समोर धर," शोभा म्हणाली. चित्र हललं, पलंग आला, उशी आली, सरांचा चेहरा आला, एका बाजूनं ओढलेला, दाढी वाढलेला. "अहो," ती म्हणाली, "मी वर आले. कौतिकनं सगळं सांगितलं." सर स्क्रीनकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा हलला नाही, तो हलतच नसे. पण डोळ्यांत काहीतरी खाली बसत गेल्यासारखं झालं. तिला बोलायचं होतं. जीपचं, दशम्यांचं, रिकाम्या जागेचं. सगळं ओठांवर होतं आणि वाऱ्यात तिला स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता. "बघा," ती एवढंच म्हणाली. "बघाच तुम्ही आता. असं आहे." आणि मोबाइल उलटा करून तिनं तो ढासळलेल्या तटातून पुढं धरला. कडा, रस्ता, डोंगर, धूर. हात लांब करून, खालपर्यंत.

"ताई," मालूबाईचा आवाज आला. "ताई, सरांनी डोळे मिटले. घट्ट मिटले. अन् पलंगाची दांडी धरून राहिले. काय करू?"

शोभानं हात मागं घेतला. मोबाइल छातीशी धरला. पलंगावर, आपल्याच घरात, जमिनीपासून दीड हात उंचीवर तो माणूस दांडी धरून होता. सोंग नव्हतं. एवढ्याशा काचेतून, वीस-पंचवीस किलोमीटरवरूनसुद्धा ते त्यांना गाठत होतं. त्यांनी तिला फसवलं होतं हे खरंच होतं, आणि ही भीतीही तितकीच खरी होती. एकानं दुसरं पुसलं जात नव्हतं. तिला वाटलं, मोबाइल बंद करून पिशवीत टाकावा आणि संध्याकाळपर्यंत इथंच बसून राहावं. तिनं तो बंद केला नाही. ती तटापासून मागं वळली, दहा-बारा पावलं आत आली आणि मोबाइल खाली केला, सरळ आपल्या पायांवर.

"मालूबाई, त्यांना म्हणावं आता उघडा. आता काही नाही. नुसती जमीन आहे." मग तीच मोठ्यानं बोलू लागली. "अहो, मी आत आले. कडा मागं राहिला. हे गवत बघा, वाळलेलं आहे. ही माती. हा दगड घडवलेला आहे, याला टाकीचे घाव आहेत. या माझ्या चपला." ती एक पाऊल टाके, थांबे, मग पुढचं. चित्रात तिच्या चपला, साडीचा काठ, गवताची कुसळं, तुटक्या फरशीचे तुकडे, एक मुंग्यांची रांग. वर आभाळ नाही, बाजूला डोंगर नाही. फक्त पाय टेकेल एवढी जागा, आणि त्यानंतर तेवढीच आणखी एक. टाक्याच्या बाजूनं ती जुन्या भिंतींकडे निघाली. अजून पुष्कळ बघायचं होतं आणि बस तासाभरानं होती. खाली वाकून, हात लोंबता ठेवून चालणारी बाई बघून मघाची ती खंडव्याची बाई जवळ आली. "आंटी, कुछ गिर गया क्या? काही पडलं का?"

"नाही," शोभा मान वर न करता म्हणाली. "दाखवून राहिले घरी."

हातातल्या मोबाइलमधून मालूबाई म्हणाली, "ताई, उघडले." शोभानं पुढचं पाऊल टाकलं.